सखूचा ओटा

आज मंडईत बघतो तर हौसा ओट्यावर मेथी मांडून स्वतः खाली पोत्यावर बसलेली. हा ओटा माझ्या सखूचा. तिनं जन्मभर गटारीकडेला बसून भाजी विकली. महापौरबाईंनी जुना बाजार पाडला तेव्हा मी त्यांना तोंडावर शिव्या घातल्या होत्या. त्यांनी पक्की मंडई बांधली, नळ दिला, सखूच्या नावावर ओटाही दिला. पण तो हातात यायच्या आधीच सखू गेली, म्हणून तिच्या शेजारी बसणाऱ्या हौसाला मी तो दिला. इमारत लवकर उठते, माणसाला वर बसायला वेळ लागतो.

"वर बस की गं."

"ती जागा आक्काची आहे, दाजी."

"आक्का खाली बसूनच मेली. तू तरी नीट बस."

हौसा पदर खोचून वर चढली, मांडी घातली आणि मेथीवर नळाचं पाणी शिंपडलं. महापौरबाईंना घातलेल्या शिव्या मी तिथंच परत घेतल्या.