समोरच्या काकांचं कॉफी टेबल

आमच्या समोरच्या काकांइतका शब्दाला जागणारा माणूस नाशकात दुसरा झाला नसेल. दिलेल्या शब्दाला नव्हे, वस्तूच्या नावाला. आरामखुर्चीत बसून ते कधी पेपर वाचत नसत. त्यात फक्त आराम करायचा. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, जे हत्यार ज्या कामाचं ते त्याच कामाला, ही तिथलीच शिस्त. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून त्यांनी जुनं सागवानी कॉफी टेबल आणलं आणि काकूंना बजावलं, "यावर चहा ठेवायचा नाही." झालं. वर्षातून दोनदा कॉफी होणाऱ्या त्या घरात जायफळ घालून रोज कॉफी होऊ लागली. चहाच हवा म्हणणाऱ्याने कपबशी मांडीवर सांभाळायची. माझ्या वडिलांनी चार वर्षं मांडी भाजून घेतली, पण कॉफी घेतली नाही.

या टेबलाची वरची फळी सरकवली की आत आरसे लावलेला कप्पा आणि बाटल्यांसाठी सहा गोल खाचा. थोडक्यात, बार. काका सुपारीच्या खांडालाही न शिवलेले. नावाला जागायचं तर बाटल्या आणाव्या लागणार, म्हणून त्यांनी ती फळी सरकवणंच सोडून दिलं.

ऐंशीनंतर मात्र फळी सरकल्याचे, बाटल्या किणकिणल्याचे आवाज यायला लागले. आमची दारं समोरासमोर, सगळं ऐकू येणार. पेपरात गुंडाळलेल्या बाटल्या पिशवीतून आणताना काकांना कुणीतरी पाहिलंही. दुसऱ्या वर्षी कॉलनीच्या गणपतीच्या अध्यक्षपदावरून त्यांना गोडीगुलाबीने बाजूला केलं. ते त्यांना फार लागलं. वडील समजावायला गेले. "जरा कमी करा हो." काका म्हणाले, "बघतो." वाळत चाललेल्या काकूंकडे पाहून मला तर काकांचा संतापच यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. दहाव्यानंतर आम्ही भेटायला गेलो, तर टेबल उघडंच होतं. सहाही खाचांत औषधाच्या बाटल्या, प्रत्येकीवर काकूंचं नाव. दोन वर्षांचं दुखणं. सुस्कारे टाकणारी माणसं घरात नकोत, म्हणून कुणाला सांगायचं नाही, ही काकूंची अट होती.

वडील म्हणाले, "अहो, आम्ही तुम्हाला दारुडा ठरवलं. निदान मला तरी सांगायचं."

"तुम्ही मला समजावून गेलात ना," काका म्हणाले, "त्या दिवशी ती पोट धरून हसली. नंतर तशी हसली नाही."