हळकुंडाची पेरं

लागोपाठ तीन वर्षं कापसानं हात दिला नाही, तेव्हा फुलसावंगीजवळच्या आमच्या शेतात सासऱ्यांनी पहिल्यांदाच हळद लावायचं ठरवलं. त्याच उन्हाळ्यात मी दहावीला बसायचं ठरवलं. लग्नामुळे नववीत शाळा सुटली होती. आता माझ्या दोन मुली शाळेत जात होत्या आणि मी बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरणार होते.

एका दुपारी सासरे आणि मी अंगणात हळदीचं बेणं निवडत बसलो होतो. माझ्या मांडीवर विज्ञानाचं पुस्तक. मी म्हटलं, "मामाजी, हे मूळ नाही. खोड हाये."

सासरे हसले. "जमिनीतून उकरून काढा लागते न हे? मंग खोड कायचं?"

"पुस्तकात लिहेल हाये."

"पुस्तकवाल्यानं हयद लावली काय कधी?"

मला रागच आला. उठले, गोठ्यातून ज्वारीचं धांडं आणलं आणि हळकुंडाशेजारी ठेवलं. "याले पेरं हायेत ना? पेरापाशी पान राह्यते, डोया राह्यते. आता हे पाहा."

त्यांनी चष्मा लावला. हळकुंडावरचे वाळके पापुद्रे नखानं सोलले, कडी मोजली, कोंबाच्या डोळ्यावरून बोट फिरवलं.

"अरे बापा! हे त जमिनीत झोपेल धांडंच हाये!"

संध्याकाळी पारावर हातात हळकुंड घेऊन ते सगळ्यांना हेच पटवून देत होते. जणू शोध त्यांचाच! मी घरात पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आता पुढं काय हाये पुस्तकात?"

पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकाची परीक्षा पुसदला होती. सासरे सोबत आले, शाळेच्या फाटकाशी थांबले. आत परीक्षेला आलेल्या मुलींना वाटलं, मी कुणाची तरी आई असेन. परीक्षक सरांनी समोर अद्रक ठेवली. "मूळ की खोड?"

"खोड."

"कशावरून?"

घाबरून माझी पुस्तकी भाषा पळाली. "पेरं हायेत सर. डोये हायेत."

सर हसले. "बरं, खोडाची कामं सांगा."

"पानं-फुलं धरून ठेवते. मुळातलं पाणी वर नेते, पानातलं अन्न सगळीकडे पोचवते. हे खोड अन्न साठवूनही ठेवते."

बाहेर येताच सासऱ्यांनी विचारलं, "काय इचारलं?"

"अद्रक."

"खोड सांगतलं न?"

"सांगतलं."

ते इतके खूश झाले की स्टँडवर दोघांसाठी गरम आलुबोंडे घेतले आणि बोलण्याच्या नादात माझ्या वाटचा एक स्वतःच खाल्ला.

गणितात मी काठावर सुटले. विज्ञानाचे मार्क मात्र पुढे कित्येक वर्षं ते येईल त्या पाहुण्याला सांगत राहिले.