कोपरात हसणारी

हसू आलं की ती कोपर तोंडावर धरायची. हात पोह्याच्या पापडाच्या पिठाने भरलेले, म्हणून कोपर. अशी तोंड झाकणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. हिचे दात मशेरीने काळे पडून किडले होते, आणि आम्हा सगळ्यांना हसवायची मात्र हीच.

"हस की उघड्या तोंडानं," मी म्हणायची.

"नको काकी, पापड काळे पडतील."

पेणला आम्ही बायका एका घरी पापड लाटायला बसायचो. लहानपणी सांधे सुजून ताप आला, तेव्हापासून तिच्या हृदयाची एक झडप खराब होती. पनवेलच्या डॉक्टरने तिला बजावलं होतं, दाताला हात लावू देण्याआधी झडपेचं सांगायचं, औषध घ्यायचं. हे तिने आम्हाला सांगितलं आणि लगेच म्हणाली, "बाहेर बोलू नका गो." घरात लग्नाची मुलगी. आईला हृदयाचं दुखणं म्हटलं की लोक मुलीकडेही तशाच नजरेने बघतात.

मुलीचं रोह्याला जमलं. लग्नाच्या फोटोत हसायचं म्हणून हिने किडके दात काढून कवळी बसवायचं ठरवलं. विहीणबाई चांगल्या. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे रोह्याला स्वतः घेऊन गेल्या. डॉक्टरने विचारलं, "आणखी काही दुखणं?" विहीणबाई शेजारीच बसलेल्या.

ही म्हणाली, "नाय, काय नाय."

मग ताप येऊ लागला. "ऊन लागलं," म्हणायची. दुकानातल्या गोळीने उतरायचा, पुन्हा चढायचा. लग्नाच्या फोटोत ती नव्या दातांनी हसते आहे, कपाळ घामाने ओलं. वऱ्हाड गेल्यावर तिला चार पावलं चालवेना, तेव्हा इस्पितळात नेली. दात काढताना रक्तात गेलेले जंतू त्या खराब झडपेवर जाऊन बसले होते. झडप पार खाल्ली होती. ती घरी आली नाही.

तेराव्याला विहीणबाई आमच्यात येऊन बसल्या. दातांच्या डॉक्टरकडचं सगळं त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "मला तरी सांगायचं ना गो. मी कुणाला बोलली नसती."

आम्ही माना खाली घातल्या. कुणाला बोलली नसती, म्हणजे त्यांनीही झाकूनच ठेवलं असतं. आमच्यासारखंच. ती काय चोरी करून बसली होती का?

परवा मुलगी माहेरी आली, लाटायला बसली. दात पांढरे, सरळ, एक किडका नाही. कुणीतरी काहीतरी बोललं, तिला हसू आलं, आणि तिचं कोपर वर गेलं.