शेळ्यांना रकाना नाही

आमच्या घरात कसलाही फॉर्म भरायचा म्हटलं की माझं नाव निघतं. अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. म्हणून जाफराबादेकडची आमची काकू विधानसभेला अपक्ष उभी राहिली, तेव्हा तिच्या संपत्तीचं शपथपत्र मीच भरलं. आणि तिची उमेदवारीही जवळजवळ मीच बुडवली.

काकू शेळ्या राखते. "उभी कशाला राहतीस?" असं विचारलं, तर म्हणाली, "तिथं कारखानेवाले हायेत, कॉलेजवाले हायेत. शेळ्यावालं एक तरी हाय का?"

मी पेनाचं टोपण काढलं.

शपथपत्रात रकानेच रकाने. मोटारी, शेअर, बंगले, ठेवी. प्रत्येकापुढं 'निरंक' लिहायचं माझ्या जिवावर आलं. घराण्याची अब्रू झाकायची म्हणून मी ते सगळे कोरेच सोडले. निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी कागद चाळले नि म्हणाल्या, "कोरं चालत नाही. उद्या छाननीच्या आत नवं आणा, नाहीतर अर्ज बाद."

परतताना काकू जीपमधल्या सगळ्यांना सांगून राह्यली होती, "पुतण्या लई शिकलेला हाय. एवढा, की लिवायलाच इसरला!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच नोटरीच्या टेबलाशी बसलो. मी खालमानेनं निरंक, निरंक लिहीत सुटलो.

"लाजतो कशाला? चोरी केली का आपण?" काकू म्हणाली. "आन् शेळ्या कुठं लिवल्या?"

"शेळ्यांना रकानाच न्हाई, काकू."

"मंग रकाने पाडणाऱ्यानं शेळी पाह्यलीच न्हाई म्हण की!"

शेवटी 'इतर मालमत्ता' सापडली. मी लिहिलं, शेळ्या एकेचाळीस, बोकड दोन.

"आन् काल झालेलं करडू? खोटी शपथ घ्यायला लावतो का मला?"

करडू लिहिलं. नोटरीनं हसत हसत शिक्का मारला. पळत पोचलो. बाईंनी एकेक रकाना बोट ठेवून पाहिला, शेळ्यांपाशी थबकल्या, गालात हसल्या आणि म्हणाल्या, "बराबर आहे."

छाननीत अर्ज टिकला. फलकावर सगळ्यांची शपथपत्रं लागली होती. एका कारखानेवाल्याचं जाडजूड बाड कुणी उघडतही नव्हतं. गर्दी काकूच्या कागदापुढं. एकानं करडासकट सगळं मोठ्यानं वाचलं नि मागं वळून विचारलं, "काकू, एखादा बोकड देता का?"

"आता कसा देऊ, बाबा?" काकू पदर सावरत म्हणाली. "सरकारला मोजून लिहून दिल्यात. निकालापर्यंत थांब."