सेरिसाची जागा

"पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, आई! मखरात झकास दिसेल ते," सिद्धेश तिसऱ्यांदा म्हणाला.

"गेल्या वर्षीही पाचच दिवस होते," सुलक्षणा म्हणाली.

भांडुपच्या त्यांच्या घरात, खिडकीच्या ग्रिलमध्ये, सेरिसा या फुलझाडाचं वीतभर बोन्साय होतं. जागा बदलली की रुसणारं. गेल्या गणपतीत सिद्धेशने ते तिला न विचारता मखरात दिव्यांच्या माळेखाली ठेवलं आणि विसर्जनापर्यंत त्याचं पान न् पान गळलं. नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, मेलं समजून ते हारांबरोबर निर्माल्याच्या पिशवीत घातलं. सुलक्षणाने पिशवी उपसून ते काढलं, खोडावर नखाने खरवडलं. आत हिरवं होतं.

मग थंडीभर तिने बेताचं पाणी घातलं. थंडी सरताना मुळं छाटली, तेव्हा त्यांचा असा घाण वास सुटला की बापलेक नाक दाबून दोन दिवस तिला बोलत होते. पावसाळ्यात तारेने एकेक फांदी वळवली. आता झाड पांढऱ्या फुलांच्या चांदण्यांनी भरलं होतं, म्हणून ते एकदम सगळ्या घराचं झालं.

"बाप्पापेक्षा झाड मोठं झालं का गं?" चंद्रप्रकाशने टोमणा मारला.

"बाप्पाने कुठे मागितलंय? मागताय तुम्ही दोघं."

ती उठली. कोपऱ्यातला चौरंग फरफटत तिने खिडकीपाशी आणला आणि पदराने पुसला.

"या वर्षी गणपती इथे बसेल," ती म्हणाली. "झाड हलणार नाही."