दुसऱ्यांदा लावलेला दिवा

ज्यू बायकांवर फिल्म बनवते म्हटलं की बालाघाटात लोक विचारतात, ‘यहाँ कहाँ हैं?’ मी चिडून सांगते, आहे ना एक, रेल्वे क्वार्टरच्या मागे. मी तिला आजी म्हणते. तिचे मालक रेल्वेत होते. ते गेले, मुलं इस्रायलला गेली. आजी म्हणते, ‘मी कायले जाऊ? तिथं भांडाले मराठी कोणाले येते?’

अलिबागपासून इथपर्यंत मी याच बायकांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा करत आले. आजी दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल तेल घालून दिवा लावते, सासूनं शिकवलेली प्रार्थना म्हणते. त्यानंतर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस; शनिवारची रात्र होईपर्यंत आगीला हात नाही. चहासुद्धा नाही.

शूटिंगच्या शुक्रवारी तिनं दिवा लावला, प्रार्थना म्हटली आणि थोड्या वेळानं मी रेकॉर्डिंग तपासते तर माइक बंद! तो चालू करायला मीच विसरले होते. तोवर बाहेर अंधार पडलेला. मला सगळं ठाऊक होतं, तरी म्हटलंच, ‘आजी, अजून एकदा.’

तिनं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘हौ. तुही मेहनत वाया काहून जाऊ देऊ?’

पण दिवा विझवायला तिचा हात पुढे होईना, म्हणून मीच फुंकर मारली. आमच्या घरी दिवा विझला असं तोंडानंही म्हणत नाहीत, आणि मी शहाणी फुंकून मोकळी! तिनं परत काडी ओढली.

परवा तयार फिल्म तिला लॅपटॉपवर दाखवली. माझाच आवाज ऐटीत सांगतो, सूर्यास्तानंतर या बायका आगीला हात लावत नाहीत. आणि लगेच आजी काडी ओढते.

‘खिडकी काळी दिसून राह्यली,’ ती म्हणाली.

‘कोणाच्या लक्षात नाही येणार, आजी.’

‘माह्या आलं ना.’

‘काढून टाकू?’ असं विचारलं खरं, पण ‘नाही म्हण, नाही म्हण’ असं मनात घोकत होते. ती म्हणाली, ‘राहू दे, बाई.’ मला हायसं वाटलं. तेच हायसं वाटणं तेव्हापासून मला खातंय. मेलं, इतकी कशी मी आपमतलबी!

काल शुक्रवार होता. तो शॉट काढून टाकते, हे सांगायला भर दुपारी तिच्याकडे गेले. लख्ख उन्हात दिवा जळत होता.

‘इतक्या लवकर, आजी?’

‘तुले परत पाह्यजे असंल त दिवस हाताशी असला पाह्यजे ना,’ ती हसून म्हणाली. ‘काढ तुहा कॅमेरा.’

मी कॅमेरा आणलाच नव्हता.