नागोरावांचे करवंदी कुंपण

चूक कबूल करणारे पुष्कळ असतात. परंतु कबूल करताना चेहरा असा पाडतात, की ऐकणाऱ्यालाच त्यांचे सांत्वन करावे लागते. चूक आपली आणि तिच्यावरचे पहिले हसूही आपलेच, ही वृत्ती विरळा. सरावलीच्या नागोरावांपाशी ती होती. शहाणपण त्यांच्याकडे उशिरा येई. पण आले, की ते त्याचे वाजतगाजत स्वागत करीत.

मूळचे परभणीकडचे नागोराव चौतीस वर्षे एका रंगाच्या कारखान्यात गाळणी विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बेटेगावाहून करवंदीची तेवीस रोपे आणून सोसायटीच्या मागच्या हद्दीवर लावली. सोसायटीला तिथे भिंत हवी होती. भर सभेत नागोराव म्हणाले, "कुंपण होईल, मधमाश्यांना फुलं मिळतील आणि तिसऱ्या उन्हाळ्यात घरटी वाटीभर करवंदं देईन. नाही दिली, तर खुशाल झाडं उपटा नि भिंत बांधा."

तिसऱ्या फाल्गुनात करवंदी पांढऱ्या, सुगंधी फुलांनी डवरल्या. नागोराव मात्र पलीकडच्या रस्त्यावर ट्रकमागे उठणारी धूळ पाहत राहिले. एवढ्या धुळीत फळ धरणार कसे? गाळणीत मुरलेला हात शिवशिवला. त्यांनी भंगारवाल्याकडून फिल्टरचे जुने कापड आणले, त्याचे झगे शिवले आणि एकेक झुडूप नखशिखांत झाकून खाली सुतळीने आवळले. काट्यांनी हात ओरबाडले. त्याचाही त्यांना अभिमान वाटला.

"अहो, करवंदींना गोवर आलाय का?" त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंनी विचारले.

"तुला शास्त्र कळायचं नाही," नागोराव गंभीरपणे म्हणाले.

चैत्र सरत आला तेव्हा सातपाटीच्या रंभाबाई नेहमीप्रमाणे मासळी घेऊन आल्या. मागे ओळीने उभे झगे पाहून त्यांनी पाटीच खाली ठेवली.

"भाऊ, ये काय हाय?"

"फुलं धुळीपासून जपतोय."

"आगं बाय! सुकत घातलेल्या मासळीवर माशी बसू नये म्हनून आमी जाळं टाकतो. तुमी फुलांवर घातलंत? माशी आत गेलीच नाय तं फळ धरंल कसं? तुमच्या कापडानं धरंल?"

नागोरावांनी घाईघाईने सुतळी सोडली. कापडातून वाळलेल्या फुलांचा चुरा पडला. तेवीस झुडपांवर एकही करवंद नव्हते.

रविवारी सभा भरली. अध्यक्ष प्रदीप यांच्यापुढे भिंतीचा नकाशा उघडाच होता. "काका, वाटी आणलीय मी. करवंदं कुठायत?"

धुळीवर ठपका ठेवून सुटता आले असते. रस्ता समोरच होता, आणि धुळीची बाजू मांडायला कोणी आले नसते. नागोराव उठले. ते उत्तर ओठांपर्यंत आले. मग त्यांना स्वतःचेच हसू फुटले.

"दोष माझा आहे," ते म्हणाले. "मी थाटात मांडव घातला आणि वऱ्हाड बाहेर ठेवून दाराला कुलूप लावलं. वर महिनाभर पहारा केला, एखादा वऱ्हाडी चुकून आत शिरू नये म्हणून! चौतीस वर्षं गाळत आलो. डोक्यात जो गाळ वर राहिला, तो हा. झाडांनी आपलं काम केलं होतं. उपटायचंच असेल, तर आधी मला उपटा."

सभा खदखदून हसली. हसू ओसरल्यावर दुसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा म्हणाली, "काकांना एक वर्ष द्या. फक्त ते कापड जप्त करा."

प्रदीप यांनी नकाशाची गुंडाळी केली. "एकच वर्ष, काका."

पुढच्या फाल्गुनात नागोराव कुंपणापाशी नुसती खुर्ची टाकून बसले. मधमाश्या आल्या, भुंगे आले, फुलपाखरे आली. कुणालाही त्यांच्या सल्ल्याची गरज पडली नाही. "आयुष्यात प्रथमच काही न करता काम नीट झालं," ते नर्मदाबाईंना म्हणाले.

"आधीच सुचलं असतं, तर माझंही निम्मं आयुष्य सुखाचं गेलं असतं," त्या म्हणाल्या.

वैशाखात करवंदे काळी झाली. सोळा घरांपैकी अकरा घरांना वाटी भरून मिळाली, पाचांना अर्धी. वचन तंतोतंत पाळले गेले नाही, हेही नागोरावांनीच दारोदार सांगितले. भिंतीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

नागोरावांना जाऊन दोन वर्षे झाली. मागच्या हद्दीवर एकवीस करवंदी जगल्या आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यांना फळ धरते.